गोधडीचा घास

१

दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून पालथी घातली, की कोल्हारच्या त्या घरात एक प्रश्न हमखास यायचा.

"घास टाकला का गं?"

मुक्ताबाई बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरून विचारायच्या. ओट्यावरचं पाणी फडक्यानं टिपत दिपाली म्हणायची, "टाकला, आत्या."

"कवा?"

"शिवतानाच टाकला की."

"मग बरं," म्हणून मुक्ताबाई गप्प व्हायच्या आणि घटकाभरानं पुन्हा तेच विचारायच्या. दिपालीही पुन्हा तेच सांगायची. दिवसातून कितीदा, याची मोजदाद करायचं तिनं सोडून दिलं होतं.

मुक्ताबाई तिच्या सासूबाई. गेल्या दोनेक वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि वर 'प्रेमानं घ्या' असा सल्ला दिला. प्रेमानं घ्यायला दिपालीची ना नव्हती. पण प्रेम करणाऱ्या माणसालाही झोप लागते, हे डॉक्टरांना कोण सांगणार? मुक्ताबाईंना ना दिवसा झोप, ना रात्री. जरा पाठ फिरली की कडी काढून निघाल्याच रस्त्याला. आणि रस्ता कसला, तर नगर-मनमाड. उसाच्या जोडट्रॉल्या, कंटेनर, एस्ट्या, सगळं अंगावर येणारं. दिपालीचा नवरा सुनील कारखान्यात पाळीला जायचा, त्यामुळे राखण हिच्याच गळ्यात.

जेवण मात्र छान व्हायचं. दिपाली दुधात भाकरी कुस्करून भरवायची. शेवटचा घास संपला की मुक्ताबाईंचे ओठ तिच्या बोटांवरून फिरायचे, कुठं काही चिकटून राहिलंय का ते बघायला. मग बोळक्या हिरड्यांनी त्या तिचं बोट हळूच चावायच्या आणि हसायच्या. दिवसभरातली तेवढी एक गोष्ट दिपालीला मनापासून आवडायची.

त्या घासाचं म्हणाल, तर ती खोटं बोलत होती. घास टाकलेला नव्हता.

२

दिपाली गोधड्या शिवायची, पण अंगावर घ्यायच्या नव्हे, भिंतीवर लावायच्या. नगरला चित्रकला शिकून ती या घरात आली, तेव्हा रंगांना पैसा नव्हता आणि कॅनव्हासला जागा नव्हती. घरात होती जुन्या लुगड्यांची गाठोडी आणि मुक्ताबाईंचा हात. त्या हाताखाली ती धावदोरा शिकली आणि तिची चित्रं कापडाची झाली. दोघी समोरासमोर बसून शिवायच्या. दिपालीची मान आखडली की मुक्ताबाई तिच्या हाताच्या पाठीवर थोपटायच्या. "दमलीस. पड जरा. मी हाय."

आता तसं म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी ती कलाकारांच्या एका शिबिरासाठी वेंगुर्ल्याच्या पुढच्या एका गावात राहिली होती. तिथला किनारा दर पावसाळ्यात थोडा थोडा तुटत होता. सुरूची झाडं मुळांसकट आडवी पडली होती. खाडीतली खारफुटी वाळून तपकिरी झाली होती. मासे सुकत घालणारी एक म्हातारी तिला म्हणाली होती, "आमी दर्याच्या पोटातला सगळा काढून घेतला. आता तो काय खातलो? किनारोच खातलो."

दिपालीनं घरी येऊन त्या किनाऱ्याचीच गोधडी मांडली. चारी कडांनी समुद्र, आजूबाजूच्या बायकांनी दिलेल्या निळ्या-करड्या साड्यांचा. मध्ये वाळू, मुक्ताबाईंच्या विरलेल्या बदामी लुगड्याची. वाळूच्या कडेला मेलेली खारफुटी, तपकिरी. हिरव्याचा एक धागाही तिनं जाणून वापरला नाही. गोधडी कडेकडून शिवत, फेऱ्या घालत मधे आणतात, तसा टाक्यांबरोबर समुद्रही फेरीफेरीनं आत येत होता. शेवटी मधोमध तळहाताएवढी वाळू राहिली. हात चालेनासे होईपर्यंत मुक्ताबाईही तिच्याबरोबर शिवत होत्या.

अशा शेवटी उरलेल्या जागेत, दोन थरांच्या मध्ये, मुक्ताबाई भाकरीचा तुकडा सरकवायच्या, त्यालाच घास म्हणायच्या, आणि मगच गोधडीचं तोंड शिवायच्या. कुणाच्याही घरची, कसलीही गोधडी असो. रिकाम्या पोटी गोधडी बंद करायची नाही, एवढंच त्या सांगायच्या. का, ते दिपालीनं कधी विचारलं नाही.

ही गोधडी जिथं प्रदर्शनात लागणार होती, त्या पुण्याच्या गॅलरीनं मात्र स्पष्ट कळवलं होतं की कलाकृतीत धान्य, अन्न, कीड लागेल असं काहीही चालणार नाही. तिथल्या बाईंनी फोनवरही पुन्हा बजावलं. तीन वर्षांचं काम भाकरीच्या एका तुकड्यावरून परत यावं, हे काही दिपालीच्या मनाला पटेना. मुक्ताबाई खाटेवर डुलक्या घेत असताना तिनं शेवटचे टाके घातले, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

"घास टाकला का गं?" खाटेवरून लगेच प्रश्न आला. पहिल्यांदा आला तो तेव्हा.

३

खटकलेली पहिली गोष्ट वजनाची.

मागच्या खोलीत पसरलेली गोधडी घडी घालून पेटीत ठेवायची म्हणून तिनं सुनीलला हाक मारली. तो नुकताच पाळीवरून आला होता. त्यानं एक टोक उचललं आणि खाली ठेवलं.

"काय भरलंय गं यात? वाळू हाय का काय?"

"साड्या आहेत नुसत्या."

"साड्या कुठं इतक्या जड असत्यात व्हय?" तो हसला, पुन्हा जोर लावला, आणि मग हसला नाही.

दिपालीनं मनाशी हिशेब मांडला. थंडी पडली होती, नदी जवळ, सगळीकडे उसाला पाणी सोडलेलं. जुनं सुती कापड ओल धरतंच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंगुबाईंची मदत घेऊन तिनं गोधडी गच्चीवर उन्हात टाकली. ऊन चांगलं कडक होतं. तिसऱ्या प्रहरी खाली आणताना दोघींना जिन्यात टेकावं लागलं. गोधडी सकाळपेक्षा जड झाली होती.

"आगं, ही तर पानी पिऊन आली," रंगुबाई कंबर धरून म्हणाल्या.

वास घेतला तर ओल्या दोरखंडासारखा. हात लावला तर कोरडी. पेटीत ती मावेना, म्हणून मागच्या खोलीतच सतरंजीवर पसरून ठेवली. कामानं माणूस थकलं की कागदही जड लागतो, असं दिपालीनं स्वतःला सांगितलं आणि उरलेल्या छोट्या तुकड्यांवर शिवायला बसली. तेही पुण्याला जायचे होते आणि टेम्पो यायला फार दिवस नव्हते.

४

मुक्ताबाई गोधडीवर पहिल्यांदा झोपल्या त्या आपल्या आपणच.

दिपाली दुकानातून दूध घेऊन आली तर खाट रिकामी. रस्त्याकडे धावणार तोच मागच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला. मुक्ताबाई वाळूवर कुशीला वळून, गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपल्या होत्या. तोंड उघडं, चेहरा सैल. दोन वर्षांत दिपालीनं त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

ती उंबऱ्यातच बसली. घरात कुणी बोलत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. तिला रडू आलं आणि रडतानाही बरं वाटलं.

मग तो रिवाजच पडला. जेवण झालं की ती स्वतःच मुक्ताबाईंना हाताला धरून मागच्या खोलीत न्यायची. त्या झोपायच्या आणि ही बाहेर बसून शिवायची. मागून एक बारीक आवाज यायचा, ओल्या मातीतून पाय उपसताना येतो तसा. थांबून ऐकलं की नसायचा. रस्त्यावर इतक्या गाड्या, त्यात कशाचा म्हणून आवाज ओळखायचा?

चौथ्या-पाचव्या दिवशी तोंड पुसताना तिला मुक्ताबाईंच्या हनुवटीवरचे गोंदणाचे ठिपके दिसले नाहीत.

तिनं ओल्या फडक्यानं पुन्हा पुसलं. चष्मा लावून पाहिलं. हनुवटी कोरी होती. म्हातारपणी कातडी बदलते, गोंदण विरतं, कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. मोबाईलमध्ये दिवाळीचा फोटो होता. त्यात ठिपके होते, चांगले हिरवेगार.

फोटोत रंग गडद दिसतात, असं म्हणून तिनं मोबाईल बंद केला. दुपारी पुन्हा मुक्ताबाईंना झोपवलं. ती करणार तरी काय होती?

५

डाव्या मनगटावरची तुळस गेली. मग कोपरावरचा विंचू. दर झोपेला एक. आणि ज्या दिवशी जे जाई, त्याबरोबर आणखीही काही जाई. तुळस गेली त्या दिवसापासून मुक्ताबाईंना माहेरच्या गावाचं नाव आठवेना. तसा विसर तर आधीपासूनच पडत होता, त्यामुळे डॉक्टरांना सांगण्यासारखं दिपालीपाशी काही नव्हतं. 'आमच्या आत्याचं गोंदण पुसलं जातंय' असं कुणाला सांगणार? ऐकणारा तिलाच गोळ्या लिहून देईल.

डाव्या हातावर 'सहादेव' असं गोंदलेलं होतं. तिच्या सासऱ्यांचं नाव. मुक्ताबाईंना सगळ्या जगाचा विसर पडला तरी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत त्या म्हणायच्या, "ह्यो माझा धनी." रोज म्हणायच्या.

एका दुपारी त्या झोपून उठल्या आणि अंगठा फिरवायला लागल्या. हात कोरा होता. थोडा वेळ अंगठा तसाच फिरत राहिला, मग थांबला.

"आत्या, सहादेव कोण?" दिपालीनं विचारलं.

मुक्ताबाईंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोन?"

त्या दिवशी त्यांनी घासाचंही विचारलं नाही. संध्याकाळ झाली तरी विचारलं नाही. दिपालीला आजवर त्या प्रश्नाचा वैताग यायचा. आता ती त्याचीच वाट बघत होती.

ती मागच्या खोलीत गेली आणि गोधडीशेजारी गुडघ्यांवर बसली. बदामी वाळूत, मधल्या शिवणीजवळ, बारीक हिरवे टाके होते. तिनं न घातलेले. आधी ठिपके, मग तुळशीचा आकार, मग विंचवाची नांगी. अक्षरं अजून अर्धीच वर आली होती.

तिनं गोधडी ओढत भिंतीकडे सारली, खोलीला बाहेरून कडी घातली आणि ठरवलं की आता आत्यांना तिथं जाऊ द्यायचं नाही.

दोन दिवस तिनं ते पाळलं. दोन दिवस, दोन रात्री मुक्ताबाई झोपल्या नाहीत, त्यामुळे तीही झोपली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ओट्याला टेकून उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला. जाग आली ती तव्यावर भाकरी जळाल्याच्या वासानं आणि बाहेरच्या करकचून मारलेल्या ब्रेकनं. गल्लीतला टेम्पोवाला गोरक्ष मुक्ताबाईंना दंडाला धरून घेऊन आला.

"वैनी, ट्रॉलीखाली गेल्या असत्या ओ! रस्त्याच्या मदोमद उभ्या हुत्या. जरा ध्यान द्या की."

ध्यान द्या. दिपालीला हसू आलं, ते कसंबसं तिनं गिळलं.

त्या दुपारी तिनं मागच्या खोलीची कडी काढली. काय होतंय हे तिला ठाऊक होतं. निदान, आपल्याला जे वाटतंय ते खरं असू शकतं, एवढं तरी ठाऊक होतं. तिनं मुक्ताबाईंना वाळूवर झोपवलं, अंगावर शाल घातली आणि बाहेर येऊन स्वतःही आडवी झाली. इतकी दमलेली बाई दुसरं काय करते, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

६

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई खाटेवर बसल्या होत्या. झोप पुरी झालेली, चेहरा तुकतुकीत. दोन्ही हात तान्ह्या लेकरासारखे कोरे. भरवताना त्यांनी तोंड उघडलं, गिळलं, तोंड मिटलं. ओठ बोटांवरून फिरले नाहीत, हिरड्यांनी बोट धरलं नाही. दिपालीनं मुद्दाम बोट तसंच ठेवलं. मुक्ताबाईंनी मान मागं घेतली.

"तू कोनाची गं?" त्यांनी परक्या बाईला विचारावं तसं विचारलं.

दिपाली वाटी ठेवून उठली. गोरक्षचा टेम्पो उद्या सकाळी यायचा होता. तीन वर्षं गेली होती त्या कापडात, पण आता तिला फक्त आपली आत्या परत हवी होती. तिनं टोपलीतून भाकरी घेतली, शिलाईच्या डब्यातलं ब्लेड घेतलं आणि मागच्या खोलीत गेली.

मधल्या वाळूवरचे शेवटचे टाके तिचेच होते. तिनं ते एकेक कापले. कापडाचं तोंड उघडलं. आतून गार हवा आली.

भाकरीचा तुकडा चिमटीत धरून तिनं हात आत घातला. खाली सतरंजी, सतरंजीखाली फरशी. गोधडीची जाडी दोन बोटं. हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत, आणि तळ लागला नाही. बोटांना ओलं काहीतरी लागलं, गार आणि रवाळ. दूरवर, फार दूरवर, लाटा फुटत होत्या. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता, आणि तिला दोन्ही आवाज एकाच वेळी स्वच्छ ऐकू येत होते.

मग कुणीतरी भाकरी घेतली.

हिसकावली नाही. हळू, मऊ ओठांनी, दात नसलेल्या तोंडानं घेतली. सावकाश चघळली. संपल्यावर ते ओठ तिच्या बोटांवरून फिरले, कुठं काही चिकटून राहिलंय का ते बघायला. आणि शेवटी हिरड्यांनी तिचं बोट हळूच चावलं.

"आत्या!" दिपाली म्हणाली.

तिनं दुसऱ्या हातानं फटीची कड बाजूला केली आणि वाकून पाहिलं. आत करडा उजेड होता, पहाटेचा असतो तसा. त्यात एक हात क्षणभर दिसला. सुरकुतलेला. त्यावर हिरवीगार तुळस, विंचू, आणि त्याखाली 'सहादेव', एक काना मात्रा न गमावता. मग त्यावरून पाणी गेलं.

बाहेरच्या खोलीत खाट करकरली. खाटेवरची बाई कूस बदलत होती.

७

सकाळी टेम्पो दाराशी लागला. सुनील आणि गोरक्ष मागच्या खोलीत गेले. सुनीलनं गोधडीचं टोक धरून हिसका दिला आणि तोल जाऊन मागेच पडता पडता वाचला.

"आरं तिच्या! ही तर पिसावानी हलकी झाली. वाळली बग चांगली."

"राहू दे ती," दिपाली म्हणाली. "छोटे तुकडे न्या. ही नाही जायची."

"न्हाई जायाची म्हंजे? तीन वर्सं..."

"मधली शिवण उसवली आहे. काम अजून पुरं झालेलं नाही."

सुनीलनं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालचं काळं, विस्कटलेले केस. त्याला काही तरी कळलं, पण भलतंच कळलं. गोरक्षला त्यानं हातानंच खुणावलं. टेम्पो छोटे तुकडे घेऊन गेला. गॅलरीच्या बाईंचे फोन येत राहिले. दिपालीनं मोबाईल डब्यात ठेवला, ज्वारीच्या.

"आज म्या रजा टाकलीय," दुपारी सुनील म्हणाला. "आईला म्या भरवतो. तू जा, जरा पड."

त्याचा आवाज मऊ होता. पदराआड भाकरी घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

तिनं हात आत घातला. भाकरी कुणी घेतली नाही. तुकडा तिच्या चिमटीतच भिजला आणि विरघळून गेला. मग एक हात आला, सुरकुतलेला, गार. त्यानं तिचा हात धरला. दिपालीनं दोन्ही हातांनी तो घट्ट धरला आणि ओढला, पाय फरशीला रोवून, सगळा जोर लावून. "चला आत्या, घरी चला." हात जागचा हलला नाही. तिची ताकद संपली. ती धापा टाकत बसून राहिली, खांद्यापर्यंत आत, गाल त्या विरलेल्या बदामी लुगड्यावर टेकलेला. लुगड्याला अजून मुक्ताबाईंचा वास होता.

गार हातानं आपली पकड सोडली. मग तो तिच्या हाताच्या पाठीवर थोपटू लागला. एका लयीत, समोरासमोर शिवत बसल्यावर थोपटायचा तसा.

दिपालीला कळत होतं. तिची बुद्धी काही गेली नव्हती. तिकडे कोण थोपटतंय, आत्या की दुसरंच काही, हा प्रश्नही तिला पडला. पण दोन वर्षांत तिला कुणी पड म्हटलं नव्हतं, आणि आज एकाच दुपारी दोघांनी म्हटलं होतं. ती वाळूवर कुशीला वळली, गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. लाटा आता दूर नव्हत्या; पहिलं पाणी तिच्या पायांना लागलं.

बाहेरच्या खोलीत सुनील वाटीत भाकरी कुस्करत होता. आईनं एकदम मान वर केली आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. तिचा आवाज जुना निघाला, खणखणीत, कित्येक महिन्यांत न ऐकलेला.

"घास टाकला का रं?"

सुनीलला भरून आलं. आई बोलली, आईला आठवलं. दिपाली रोज काय उत्तर द्यायची, ते त्याला पाठ होतं.

"टाकला, आई."

"मग बरं," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातावरून अंगठा फिरवू लागल्या.